रेंजबाहेरची गाणी

कराडहून चिपळूणच्या रस्त्याला लागलेल्या गाडीत पाटण मागे पडलं आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ सरकले, की मोबाइलवर इंटरनेटवरून वाजणारं गाणं अडखळायला लागतं. कोयनानगरच्या अलीकडे-पलीकडे, नाहीतर कुंभार्ली घाटाच्या एखाद्या वळणावर ते थांबतं. पेनड्राइव्हवरचं गाणं मात्र घाट उतरून अलोऱ्यापर्यंत बिनतक्रार वाजत राहतं. सुरुवातीच्या काळातल्या, खिशात मावणाऱ्या डिजिटल म्युझिक प्लेअरची ओढ हल्ली जगभर दिसते. तिचं मर्म या साध्या फरकात आहे, असं मला वाटतं. जुने आयपॉड हुडकायचे, बसलेली बॅटरी बदलायची, आतली फिरती डिस्क काढून तिथे फ्लॅश कार्ड बसवायचं, असा उद्योग करणाऱ्या हौशी मंडळींची आता कमी नाही. आयपॉड बाजारात आला तेव्हा यांतली काही मुलं जन्मलीही नव्हती. या साऱ्याला ‘स्मरणरंजन’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याला सवय आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. या ओढीत आठवणींचा वाटा थोडा आहे आणि आज गाणी ज्या व्यवस्थेतून आपल्यापर्यंत येतात तिच्याबद्दलची तक्रार जास्त आहे. ती तक्रार रास्त आहे का, हे पाहायला कोयनेचं खोरं चांगलं. कारण ती जुनी सोय इथे अजून जुनी झालेलीच नाही.

आधी ही सोय काय होती ते नीट पाहू. एमपीथ्री ही मुळात जागा वाचवण्याची युक्ती. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या आवाजाला सुमारे १४ लाख बिट लागतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्यासारख्या इतर संशोधकांनी असा विचार केला, की माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही ते साठवायचं कशाला? ताशा कडकडत असताना शेजारच्याची कुजबुज कानावर पडूनही कळत नाही. तसे गाण्यातही मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज असतात. ते हिशेबाने गाळले, की सेकंदाला १ लाख २८ हजार बिटांत, म्हणजे साधारण अकराव्या हिश्शात गाणं बसतं. चार मिनिटांच्या गाण्याला ४० एमबीऐवजी ४ एमबी पुरतात. १४ जुलै १९९५ रोजी संस्थेने या फायलींच्या नावापुढचं शेपूट ठरवलं, आणि तीन वर्षांत त्या वाजवणारी यंत्रं बाजारात आली. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ. रिओची किंमत २०० डॉलर आणि पोटात जागा ३२ एमबी, म्हणजे कॅसेटच्या एका बाजूएवढी, जेमतेम अर्ध्या तासाची. एवढ्याशा यंत्राला अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर १९९८ मध्ये कोर्टात खेचलं. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने रिओच्या बाजूने निकाल दिला. आपल्या कॉम्प्युटरवर असलेली फाइल सोबत नेता यावी म्हणून खिशातल्या यंत्रावर उतरवणं हा खासगी वापरच आहे, असा त्या निकालाचा आशय. पुढे २३ ऑक्टोबर २००१ रोजी पाच जीबीचा, हजार गाण्यांचा आयपॉड आला. त्याची कीर्ती फार झाली, पण खिशातल्या गाण्यावर ज्याचा खिसा त्याचा हक्क, हे त्याच्याआधीच रिओच्या खटल्यात ठरून गेलं होतं.

आपल्याकडे आयपॉड फार थोड्यांच्या वाट्याला आला. सातारा-सांगलीच्या गावांत एमपीथ्री पोचली ती मोबाइलमधून. २००५ मध्ये सोनी एरिक्सनचे वॉकमन फोन, २००७ मध्ये नोकियाचा ५३१० एक्सप्रेसम्युझिक, आणि त्यांच्या मागोमाग खणखणीत स्पीकरचे स्वस्त चिनी फोन. नखाएवढं मेमरी कार्ड ही यातली खरी क्रांती. एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात रिचार्जच्या पाटीशेजारी ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी लागली. रिकामी कॅसेट नेऊन हव्या त्या गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, ही रीत आधीपासून होतीच. आता तेच काम दहा मिनिटांत आणि शेकडो गाण्यांचं होऊ लागलं. पाटण आणि जावळी तालुक्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत कामाला. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याचे, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार मिळालेल्यांत या भागातले लोक मोठ्या संख्येने. मुंबईची नवी गाणी गावात यायला आणि गावचं भजन मुंबईच्या खोलीत पोचायला त्यांच्या रातराणीच्या फेऱ्या पुरेशा होत्या. मधे कुणा कंपनीची गरज नव्हती. खाली कृष्णाकाठी उसाचे ट्रॅक्टर आजही हंगामात टेप लावून धावतात, आणि तिथेही पेनड्राइव्हच असतो. त्या आवाजाने रस्त्याकडेच्या माणसांची झोप उडते हा भाग वेगळा. 

हे चित्र ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ सुरू झाल्यावर, झपाट्याने बदललं. त्याआधी एका जीबीला दोनशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, तेव्हा इंटरनेटवरून गाणं ऐकणं ही चैन होती. नंतर गाणी साठवून ठेवणं हाच वेडेपणा वाटू लागला. पण हा हिशेब जिथे रेंज येते तिथला. मोबाइलच्या लहरी डोंगराला फारसा वळसा घालत नाहीत. मनोरा आणि फोन यांच्यामध्ये कडा आला की त्याच्या सावलीत रेंज मरते. कोयनेचं खोरं म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेला खोल चर. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे तुंबलेलं शिवसागराचं पाणी त्यात उत्तरेला तापोळा-बामणोलीपर्यंत पसरलेलं, आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या कित्येक वाड्यांना लाँचशिवाय सोयीची वाट नाही. सभोवतालचं जंगल १९८५ पासून अभयारण्य आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे नवा मनोरा उभारायचा तर वनखात्याच्या परवानग्या हव्यात, आणि त्या असाव्यात हे योग्यच आहे. त्यात वस्ती विरळ. चाळीस उंबऱ्यांसाठी मनोरा उभारणं कुठल्याही कंपनीला परवडणारं गणित नव्हे. पावसाळ्यात नवजा गावात पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तारा तुटतात, आणि जिथल्या पाण्यावर सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे त्याच खोऱ्यातल्या वाड्या अंधारात बसतात. अशा ठिकाणी चार्ज केलेला साधा फोन आणि त्यातलं कार्ड ही जुनी हौस नसते. तीच गाणं ऐकण्याची शहाणी पद्धत असते. ज्याला आपण ‘गेलेला काळ’ म्हणतो तो बऱ्याचदा फक्त शहरातून गेलेला असतो.

पण प्रश्न रेंजपुरता असता तर मनोरे वाढले की संपला असता. तो तसा नाही. रेंज भरपूर असलेल्या पुण्या-मुंबईतही गाण्याचा आणि ऐकणाऱ्याचा संबंध बदललेला आहे, फक्त तो तिथे दिसत नाही. कार्डातलं गाणं एकदा आत आलं की कुणाची परवानगी मागत नाही. अ‍ॅपमधलं गाणं प्रत्येक वेळी मागतं. तुम्ही पैसे भरलेत का, गाण्याच्या मालकाचा आणि अ‍ॅपचा करार अजून चालू आहे का, आणि मुळात अ‍ॅपवाली कंपनी अजून हयात आहे का, या तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच ते वाजतं. गेल्या थोड्या वर्षांत या तिन्हींची उत्तरं ‘नाही’ आलेली आपण पाहिली आहेत. गाना हे अ‍ॅप २०२२ मध्ये फुकट ऐकणाऱ्यांसाठी बंद होऊन फक्त वर्गणीदारांचं झालं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांच्यातली बोलणी फिसकटली आणि झीच्या मालकीची गाणी तिथून एका रात्रीत नाहीशी झाली. ‘सैराट’च्या गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत ती हीच. लोकांनी महिनोन्‌महिने जमवलेल्या याद्यांमध्ये मधली गाणी करडी पडली. रेसो हे अ‍ॅप ३१ जानेवारी २०२४ ला भारतातून गेलं आणि त्याच वर्षी एअरटेलने आपलं विंकही गुंडाळायचं जाहीर केलं. विंकमध्ये दहा वर्षं जमवलेली आवड कुठल्या पोत्यात भरून न्यायची, याचं उत्तर सोपं नव्हतं. याउलट १९९८ च्या रिओवर चालणारी फाइल आजच्या कुठल्याही फोनवर, गाडीत, टीव्हीत मुकाट्याने वाजते. ती तेव्हा वाजवणाऱ्या रिओचा मागमूस उरलेला नसला तरी.

यावर लगेच सांगितलं जातं, की अ‍ॅपमध्येही गाणी उतरवून ठेवता येतात. घाटात जायचं असेल तर आधी उतरवा. येतात खरी, पण ती आपली होत नाहीत. ती अ‍ॅपच्या कुलपातच राहतात, दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि स्पॉटिफायचा नियम असा, की तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी लावली नाही तर उतरवलेली गाणीही वाजायची बंद होतात. लाँचने पलीकडे गेलेल्या माणसासाठी ही अट विनोदी आहे. शिवाय ती हजेरी एकतर्फी नसते. कुठलं गाणं किती वाजता, कितव्यांदा, कितव्या सेकंदाला सोडून दिलं, याची नोंद तिकडे जमत जाते. वर्षाअखेरीला तीच नोंद रंगीत चित्रांत सजवून परत मिळते आणि लोक ती हौसेने मिरवतात. मिरवावी, पण पहाटे तीनला कुणी एकच भैरवी अकरा वेळा ऐकली, तर ते त्या माणसात आणि गाण्यात राहायला हवं असं वाटणाऱ्यांना कोपऱ्यातला एमपीथ्री प्लेअर आठवला तर त्यात भाबडेपणा कसला? त्या यंत्राला आपल्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

आता सर्वांत नेहमीचा आक्षेप. हे सारं तारुण्याचं गुणगान आहे. माणसाला पंधरा ते पंचवीस या वयात ऐकलेली गाणी जन्मभर प्रिय असतात आणि ती ज्या यंत्रावर ऐकली त्या यंत्रावरही तो लोभ सांडतो. स्मृतीच्या अभ्यासकांना हा कल चांगला ठाऊक आहे, माणसाच्या आठवणी त्या वयाभोवती दाटलेल्या असतात. हे मान्यच. पण याने सगळ्याचा उलगडा होत नाही. ज्यांनी ती यंत्रं कधी वापरलीच नाहीत अशी विशीतली मुलं ती शोधतात, त्यांच्याकडे उमाळे काढायला आठवणच नाही. आणि दुसरं, त्याच काळातल्या कितीतरी वस्तूंबद्दल कुणाला काही वाटत नाही. डायल-अप इंटरनेट, स्क्रॅच पडलेल्या सीडी, पेजर हे सगळं त्याच तारुण्यातलं, पण पेजरसाठी झुरणारा माणूस दाखवा. लोभ नेमका त्या वस्तूवर जडतो जिच्यात असलेलं काहीतरी नंतरच्या वस्तूंनी काढून घेतलं. सारेगामा कंपनीला हे बरोबर कळलं. २०१७ मध्ये तिने ‘कारवाँ’ काढला. जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा, आत पाच हजार गाणी भरलेली, इंटरनेटची गरज नाही. मराठी गाण्यांचा कारवाँही आला. मुलांनी तो आईबापांसाठी घेतला, हजारो रुपये मोजून; आणि तीच गाणी फोनवर फुकट उपलब्ध असताना घेतला. तेव्हा लोक पैसे कशाचे मोजत होते? गाण्यांचे नव्हेच. कळ दाबली की वाजणार, या खात्रीचे.

आणखी एक गोष्ट हे प्लेअरवाले लोक सांगतात, ती थोडी जपून घ्यायला हवी. जागा कमी असल्याने निवड करावी लागे, आणि निवडीमुळे ऐकणं खोल होई, असं त्यांचं म्हणणं. याला आधार म्हणून शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा प्रसिद्ध प्रयोग सांगतात: दुकानात चोवीस प्रकारचे जॅम मांडले तेव्हा चाखणाऱ्यांपैकी तीन टक्क्यांनी घेतला, सहाच मांडले तेव्हा तीस टक्क्यांनी. गोष्ट ऐकायला छान आहे, पण २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या जवळ निघाला. म्हणून ‘पर्याय कमी तर सुख जास्त’ असं सरसकट विधान मी करणार नाही. टंचाईचं कौतुक ज्यांना टंचाई सोसावी लागत नाही ती माणसं जास्त करतात, हेही विसरू नये. तरीही एक साधी गोष्ट उरते. ३२ एमबीत किंवा एका जीबीत नवं गाणं घालायचं तर जुनं काढावं लागे, आणि काढताना ते एकदा ऐकलं जाई. आवड ठरवण्याचा तो क्षण आता राहिला नाही, कारण काहीच काढावं लागत नाही. ऐकण्यावरचं बंधन नेहमी वाईटच असतं असं नाही, याचा मराठीतला मोठा दाखला म्हणजे गीतरामायण. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, शेटफळे गावी जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या, आणि १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक अशा गतीने छप्पन्न गाणी पुढच्या वर्षापर्यंत ऐकवली. ऐकणाऱ्याने पुढचं गाणं आधी मागायची सोय नव्हती. आठवडाभर एकच गाणं घरात घुमत राही.

अर्थात हा दाखला प्लेअरवाल्यांवरही उलटतो, हे कबूल करायला हवं. स्वस्त एमपीथ्री प्लेअर गाणी अकारविल्हे किंवा कथेच्या ओघाने लावत नसत. ज्या क्रमाने फायली कार्डावर उतरल्या त्या क्रमाने वाजवत. दुकानदाराच्या माउसने रामायणाची मांडणी ठरवलेली असे, आणि वनवास आधी, रामजन्म नंतर, मधे एखादी लावणी, असा प्रकार कित्येक कार्डांत होता. फायलींची नावं तर विचारूच नका. गायकाचं नाव नाही, कवीचं नाही, संगीतकाराचं नाही, पण ज्या वेबसाइटवरून ती चोरली तिचं नाव मात्र प्रत्येक गाण्याच्या कपाळावर.

इथे चोरीचा मुद्दा आलाच, आणि तो या लोभाविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. कार्डात भरलेली बहुतेक गाणी चोरीची होती. भरून देणाऱ्या दुकानदाराला चार पैसे मिळाले, गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, वाजवणाऱ्याला काही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का केला, पण जिथे विक्रीची नोंदच नाही तिथे वाटा कशातून काढणार? अ‍ॅपवरून मिळणारा पैसा किती तुटपुंजा आहे यावर कलाकार रास्तपणे ओरडतात. तरी शून्यापेक्षा तो जास्त आहे. जो माणूस जुन्या कार्डाचे गोडवे गातो त्याने हे ओलांडून पुढे जाऊ नये. फक्त यातून निष्कर्ष काय काढायचा, याबद्दल माझा मतभेद आहे. गाणं जवळ बाळगणं आणि गाणं चोरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र आल्या हा आपला इतिहास आहे, नियम नव्हे. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं दुकान उघडून कुलूप नसलेल्या एमपीथ्री फायली रीतसर विकायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी डिसेंबरात अ‍ॅपलचं आयट्यून्स स्टोअरही भारतात आलं. फ्लाइट जून २०१३ मध्ये बंद पडलं. दीड वर्षही टिकलं नाही, कारण शेजारच्या दुकानात तेच गाणं जवळजवळ फुकट मिळत होतं. म्हणजे गाणं विकत घेऊन कायमचं आपलं करण्याची संधी आपल्याला मिळाली होती, आणि ती आपणच नाकारली. आज भाड्याच्या गाण्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी या कुरकुरीतला आपला हिस्साही मोजावा.

आवाजाच्या दर्जाचा मुद्दा मात्र मी लवकर सोडून देतो, कारण त्यात वादाला जागा थोडी. सुरुवातीच्या एमपीथ्रीचा आवाज वाईटच होता. १२८ किलोबिटला वरच्या पट्टीतला, सुमारे १६ हजार हर्ट्‌झच्या पुढचा भाग बहुधा कापलाच जाई. आणि अचानक उसळणाऱ्या आघाताआधी फुसफुस ऐकू येण्याचा दोष इतका जुना, की ब्रांडेनबुर्ग यांच्या काळापासून त्याची चाचणी कॅस्टानेट या टाळीसारख्या वाद्यावर घेतात. आपल्याकडच्या हलगीचा आघातही असाच अचानक. सुझान व्हेगाच्या ‘टॉम्स डायनर’ या साथीशिवायच्या गाण्यावर ब्रांडेनबुर्ग यांनी युक्ती पुन:पुन्हा सुधारली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ती सुधारणा कराडच्या हलगीवर झाली असती तर बरं झालं असतं, असं आपलं मला वाटतं. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे एका तारेतून उमलणारी स्वरांची रांग, ज्याला मनापासून ऐकायची आहे त्याने स्वस्त प्लेअर आणि चाळीस रुपयांचे इयरफोन यांची आठवण काढून हळवं होऊ नये. आजच्या अ‍ॅपचा आवाज निर्विवाद सरस आहे.

राहतो शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आक्षेप: आता सगळंच इंटरनेटवर आहे, मग साठवायचं कशाला? जुनी नाट्यगीतं, दुर्मीळ मैफली, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं एका बोटावर आली, हे खरं आहे आणि मोठं आहे. पण ‘सगळं’ हा शब्द मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांच्या गोदामाकडे पाहून वापरला जातो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेट स्वस्त झाली तेव्हा देशभर छोट्या छोट्या कॅसेट कंपन्या उगवल्या आणि प्रादेशिक लोकसंगीताला पहिल्यांदा स्वतःचा बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या या उलथापालथीची नोंद केली आहे. दक्षिण महाराष्ट्रातही तेच घडलं. भेदिक शाहिरीतले कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब, आरेवाडीच्या बिरोबाच्या धनगरी ओव्या, तमाशातले वग, गावोगावच्या भजनी मंडळांची चक्रीभजनं हे सारं कॅसेटवर आलं. त्यांतल्या बऱ्याच कंपन्या आता नाहीत, हक्क कुणाकडे आहेत ते सांगणारं कुणी नाही, आणि ज्याचा मालक सापडत नाही ते कुठलंही अ‍ॅप दाखल करून घेत नाही. पण कुणीतरी दुकानदाराने कधीतरी कॅसेट कॉम्प्युटरला जोडून त्याची एमपीथ्री केली, आणि ती कार्डाकार्डांतून फिरत राहिली. हेतू संग्रहाचा नव्हता, धंद्याचा होता. तरीही अनेक शाहिरांचा आवाज आज उरला असेल तर तो एखाद्या जुन्या फोनमधल्या कार्डात, ट्रॅक्टरच्या खणातल्या पेनड्राइव्हमध्ये, देव्हाऱ्याशेजारच्या हरिपाठ वाजवणाऱ्या डब्यात उरला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. माझ्या लेखी या यंत्रांचं खरं मोल इथे आहे. हौशी संग्राहक शोधतात त्या चकचकीत आयपॉडपेक्षा पाटणच्या आठवडी बाजारात भरलेलं दोन जीबीचं कार्ड कितीतरी दुर्मीळ ऐवज धरून असू शकतं.

आणि हा ऐवज फार टिकणारा नाही. फ्लॅश कार्ड म्हणजे विजेचा सूक्ष्म भार कोंडून ठेवलेल्या अब्जावधी कप्प्यांचा संच. कार्ड वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिलं की तो भार हळूहळू गळतो आणि एक दिवस फोन ‘कार्ड फॉरमॅट करायचं का’ असं विचारतो. स्वस्त कार्डांत तर बनावट मालाचं प्रमाणही मोठं होतं. कोयनेच्या खोऱ्यातल्या दमट हवेत कार्डाची आणि फोनची धातूची टोकंही गंजतात. एमपीथ्रीची स्वतःची काळजी नाही. तिचे पेटंट संपले आणि एप्रिल २०१७ मध्ये फ्राउनहोफरने परवाने देणं बंद केलं, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी ‘एमपीथ्री मेली’ असे मथळे दिले होते. झालं उलटंच, ती कायमची मोकळी झाली. ती वाजवायला आता कुणाला काही द्यावं लागत नाही. तेव्हा करायचं काम किरकोळ आहे. कार्ड फॉरमॅट न करता आधी कॉम्प्युटरला जोडायचं, आतलं सगळं जसंच्या तसं एका फोल्डरमध्ये उतरवायचं आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची. फायलीच्या नावातून वेबसाइट काढून तिथे शाहिराचं नाव, गाव आणि माहीत असेल तर साल घालायचं. हे शेवटचं काम सर्वांत वेळखाऊ, आणि ते कॉम्प्युटरसमोर बसून होणारं नाही. त्यासाठी कुणाला विचारायचं ते गावातल्या भजनी मंडळाला अजून माहीत असतं.